एका चिठ्ठीची पुडी

एका माणसाची साडेतीन वर्षं तुरुंगात गेली ती माझ्या इंग्रजीमुळे, असं मी बावीस वर्षं मनात धरून होतो. कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, बाररूममधल्या मित्रांना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या अप्पांना तर नाहीच. मी मुळात कमी बोलणारा. वकिली करून माणूस कमी बोलणारा कसा, असं लोक विचारतात. कोर्टात दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं असतं, ते जमतं. स्वतःच्या वतीनं उभं राहायचं म्हटलं की मी पुढची तारीख मागतो.

अप्पा गेल्या वर्षी गेले. त्याआधी त्यांना सांगून झालं होतं, म्हणून आज हे लिहायला हात धजावतोय.

अप्पा म्हणजे बीडच्या कोर्टातले फौजदारी बाजूचे जुने वकील. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी सनद घेऊन आलो आणि सहा वर्षं त्यांचा ज्युनिअर होतो. त्यांच्या घरचं भुसाराचं दुकान, मोंढ्यातल्या धान्यबाजारात. वडील, चुलते, भाऊ सगळे तराजूमागं बसलेले. एकटे अप्पाच काळा कोट घालून घराबाहेर पडलेले. पण दुकान त्यांच्यातून गेलं नव्हतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि कोटाच्या खिशात कायम सुताचा दोरा. तो दोरा कशाला, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

उलटतपासाचे प्रश्न अप्पा कागदावर उतरवून आणत नसत. एका चिठ्ठीवर एक प्रश्न, अशा चिठ्ठ्या करत. जुन्या कॅलेंडरची पाठ, त्यावर उर्दू वळणाचं मराठी. एका साक्षीदाराच्या सगळ्या चिठ्ठ्या वर्तमानपत्राच्या कागदात घालायच्या, जिऱ्याची बांधतात तशी पुडी बांधायची, वर दोरा. साक्षीदार पिंजऱ्यात आला की अप्पा टेबलावर त्याची पुडी ठेवत, दोऱ्याचं टोक धरून हिसका देत. तट्ट असा आवाज व्हायचा. मुरलेले पोलीससुद्धा त्या आवाजाला पाण्याचा घोट घेत. मग मी एकेक चिठ्ठी द्यायची आणि त्यांनी विचारायचं. वीस चिठ्ठ्या म्हणजे लहान पुडी. एका तलाठ्याचा उलटतपास त्यांनी तीन दिवस घेतला होता. सकाळी किती वाजता उठलात, दात कशानं घासले, दंतमंजन की राखुंडी, इथपासून. जज्जसाहेब कपाळाला हात लावायचे. अप्पा नम्रपणे म्हणायचे, "साहेब, माल शेवटच्या पोत्यात असतो."

घरी-दारीही त्यांचं कोर्ट उठलेलं नसायचं. जेवलात का असं विचारलं तर म्हणायचे, "प्रश्न सूचक आहे. काय केलं, असं विचार." दूधवाल्याला पाणी घातलंस का हे कधी विचारत नसत; आज गाय कुठल्या विहिरीवर गेलती, हे विचारायचे. एसटीत कंडक्टरनं मांजरसुंबा आलं म्हटलं की ते बसल्या जागेवरून, "कशावरून?"

मी त्यांच्याकडं जागा मागायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "इंग्रजी येतं का बे?"

"येतं," मी म्हणालो.

हे पहिलं खोटं. माझं सगळं शिक्षण गाईडांवर झालेलं. कलमं पाठ, निकालपत्रं डिक्शनरी घेऊन वाचायचो. बोललेलं इंग्रजी मी बातम्यांपलीकडं ऐकलेलं नव्हतं, आणि बातम्याही मराठीत आधी ऐकून मग. अप्पांचंही काहीसं तसंच, पण त्यांना त्याची लाज नव्हती. निजामाच्या शाळेत उर्दूतून सुरुवात केलेला माणूस. कायद्याचं इंग्रजी बोट ठेवून वाचायचे, बोललेलं कळत नाही हे मोकळेपणी सांगायचे.

सगळं झालं ते अमेरिकेहून आलेल्या एका खोक्यामुळं.

अप्पांचा भाचा तेव्हा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेत गेलेला. त्या वर्षांत प्रत्येक गल्लीतनं एकजण तरी जात होता. मामाला कोर्टाचं वेड म्हणून त्यानं तिकडच्या एका कोर्टाच्या मालिकेच्या सहा कॅसेटी पाठवल्या, खोक्यात घालून. खोक्यावर मोठा दोनचा आकडा. चिठ्ठीत लिहिलं होतं, मामा, हा दुसरा भाग आहे, पहिला दुकानात मिळाला नाही. तिकडच्या कॅसेटी इकडच्या यंत्रात चालत नाहीत म्हणून पुढच्या खेपेला त्यानं तिकडचा व्हीसीआरही धाडला, सोबत एक विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. तरी अप्पांच्या नव्या रंगीत टीव्हीवर चित्र काळंपांढरंच यायचं आणि मधेच वर सरकायचं. अप्पांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "रंगीत घेऊन काय मिळवलं म्हणायचं?"

मी म्हणालो, "अप्पा, पहिला भाग पाहिल्याशिवाय काय कळणार?"

"केस दुसऱ्या कोर्टातनं बदली होऊन आली तर काय करतो आपण? पहिली पेशी कुठं बघितलेली असते? कागद बघतो अन् उभं राहतो. चल, लाव."

दर रविवारी दुपारी चारला पेशी. घरातल्या बनियनवर अप्पा काळा कोट चढवायचे. बचावाच्या बाजूला, म्हणजे खिडकीकडच्या खुर्चीत ते बसायचे. काकूंना पलंगावर मधोमध बसवायचे, त्या न्यायाधीश. मांडीवर परात, परातीत निवडायची मेथी. मी दुभाषा, वेताच्या बुटक्या मोड्यावर. एक तास झाला की गोष्ट कितीही रंगात असो, अप्पा उठून टीव्ही बंद करायचे आणि सांगायचे, "पुढची पेशी येत्या रविवारी. साक्षीदारांनी हजर राहावं." वीज गेली की, "कोर्ट तहकूब." त्यांनी त्या मालिकेची फाईलसुद्धा काढली होती. वर नंबर, आरोपीचं नाव, तारखा, कोण काय बोललं. अर्थात जे मी सांगितलं ते.

आणि मला काही कळत नव्हतं.

लोक भराभरा बोलायचे, शब्द दातांत चावून. एक डॉक्टर आरोपी आहे, एवढं मी ताडलं. तोही कदाचित डॉक्टर नसेल. त्याची वकीलीण आखूड केसांची, सडसडीत. अप्पा त्यांना "बाई" म्हणायचे, आदरानं. "काय म्हणल्या बाई?" असं विचारायचे आणि माझ्याकडं वळून बसायचे. त्या नजरेला "नाही कळलं" म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण त्याच आठवड्यात अप्पांनी सगळ्या बारला सांगितलं होतं, माझा ज्युनिअर थेट इंग्रजीत पिक्चर बघतो. ज्यांनी मला कधी चहा विचारला नव्हता ते खुर्ची सरकवून द्यायला लागले होते.

मग मी रचायला लागलो. मयत आणि डॉक्टर शेजारी होते, असं सांगितलं. भांडण कशावरून, तर बांधावरून.

"तिकडं बी बांधावरनं?" अप्पा खूश झाले. "ऐकलं का? तिकडं बी बांध कोरत्यात."

काकू मेथीतून मान वर न काढता म्हणाल्या, "ते बोलत्यात घंटाभर अन् ह्यो सांगतो दोन वाक्यं."

"सारांश सांगतोय त्यो."

"कोर्ट नोंद घेतंय," काकू म्हणाल्या.

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. कारण त्याच महिन्यांत आमच्याकडं आचाऱ्याची केस चालू होती.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एक ढाबा. तिथला आचारी लिंबागणेशकडच्या एका गावचा, पंचवीस-सव्वीसचा. भर दुपारी एका ट्रक ड्रायव्हरनं वरण कच्चं आहे म्हणून ताट भिरकावलं. शिवीगाळ झाली. थोड्या वेळानं ड्रायव्हर ट्रकच्या मागं पडलेला सापडला, डोक्यात टामीचा घाव. टामी म्हणजे टायर उकलायची लोखंडी पहार. आचारी म्हणत होता, मी भटारखान्यात होतो, भांडण झाल्यावर बाहेर आलोच नाही. बघणारा साक्षीदार एकच. रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला. तो म्हणत होता, आचाऱ्यानं मारताना मी डोळ्यांनी बघितलं. तो टिकला तर जन्मठेप, तो मोडला तर सुटका. सगळी केस एवढीच. आचारी पहिल्या दिवसापासून आत. दर पेशीला त्याची बायको यायची, कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची, आणि तिची रांगती पोरगी पक्षकारांच्या चपलांमधनं फिरायची.

पंक्चरवाल्यासाठी अप्पांनी पन्नासाच्या वर चिठ्ठ्या केल्या होत्या. मीच मोजून पुडीत घातल्या. ती पुडी नारळाएवढी झाली होती.

त्याच्या साक्षीआधीच्या रविवारी चौथ्या कॅसेटची पेशी होती. तिच्यात मोठा साक्षीदार होता. समोरच्या वकिलानं त्याला बराच वेळ विचारलं. मग बाई उठल्या, काहीतरी एवढंसं बोलल्या, साक्षीदार काहीतरी एवढंसं बोलला, आणि बाई बसल्या. अप्पा खुर्चीच्या कडेवर आले.

"काय झालं बे? का बसल्या बाई, कावून?"

मला खरंच माहीत नव्हतं. त्या कदाचित म्हणाल्या असतील, मी उद्या विचारीन. कदाचित पाणी मागितलं असेल. पण मी उत्तर दिलं, आणि ह्या वेळी नुसतं वेळ मारून न्यायला नाही. दोन वर्षं मी चिठ्ठ्या देत उभा होतो. दंतमंजन की राखुंडी ऐकून माझी कंबर मोडली होती. जज्जसाहेब ऐकत नाहीत, साक्षीदार सावध होतो, आपणच त्याला सुधारायला वाट देतो, हे मला दिसत होतं. पण अप्पांना हे सांगायची माझी छाती नव्हती. समोर तोंड हलवणारी एक बाई होती, तिच्या तोंडात मी माझं वाक्य घातलं.

"एकच प्रश्न विचारला बाईंनी. त्या म्हणतात, जास्त प्रश्न विचारणं म्हणजे साक्षीदाराच्या हातात सुई-दोरा देणं. फाटलेलं तो शिवून घेतो."

अप्पांनी फाईल मांडीवर ओढली. मग म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. त्यांनी ते फाईलीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

मंगळवारी पंक्चरवाला पिंजऱ्यात आला. सरकारी वकिलांनी त्याची सरतपासणी घेतली. त्यानं पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. अप्पा उठले. टेबलावर पुडी ठेवली, आणि मी बघत राहिलो. नारळाएवढी नव्हती ती. वेलदोड्याची असते तेवढी होती. तट्ट. आत एक चिठ्ठी.

"तुम्ही हे बघितलं तवा तुमच्या हातात काय होतं?"

"ट्यूब," पंक्चरवाला म्हणाला. "ट्यूब पाण्यात धरलती मी. हवा कुठनं जाती ते बघत होतो."

"बस्स, साहेब," अप्पा म्हणाले आणि बसले.

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "वकीलसाहेब, उलटतपास संपला?"

"संपला."

सरकारी वकील इतके चकित झाले की त्यांनी फेरतपासही मागितला नाही. मी पाठीमागे उभा, रिकामा हात पुढं करून. त्या पन्नास चिठ्ठ्यांतल्या एकीवर लिहिलं होतं, "टामी कुणाच्या दुकानातली?" ती घरी राहिली होती. व्हरांड्यात पोरगी चपलांमधनं रांगत होती.

निकालात लिहिलं होतं, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची साक्ष उलटतपासात अबाधित राहिली. जन्मठेप. आचाऱ्यानं अप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याच्या बघण्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. अप्पांनी टेबलावरचा दोरा उचलला, बोटाला गुंडाळला, खिशात ठेवला.

त्या रविवारी मी चारला गेलो. खोकं कपाटात गेलेलं. "पेशी न्हाई," अप्पा म्हणाले. पाचवी आणि सहावी कॅसेट त्यांनी कधी लावली नाही. मलाही त्यांनी कधी काही विचारलं नाही. चुकलं का, हेही नाही. औरंगाबादच्या वकिलाकडं अपील द्यायला ते स्वतः गेले आणि कागदांबरोबर ती रिकामी पुडीसुद्धा देऊन आले. त्या वकिलानं विचारलं असणार, हे काय.

हायकोर्टाचा निकाल यायला साडेतीन वर्षं गेली. अप्पांना तो एसटीडी बूथवर फोनवरून कळला. सुटला. न्यायमूर्तींनी त्या एका उत्तरावरच सगळं बांधलं होतं. पाण्यातले बुडबुडे बघणाऱ्या माणसाची मान खाली असते, आणि दुसरा कुठलाही पुरावा नाही. अप्पा बूथबाहेर आले, तिथल्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि मोंढ्यात जाऊन भावाच्या दुकानातली शेरभर खडीसाखर वाटत सुटले. बारमध्ये जो तो म्हणायला लागला, अप्पांचा एक प्रश्न. लॉ कॉलेजनं त्यांना भाषणाला बोलावलं. तिथं त्यांनी सांगितलं, हे मला एका अमेरिकन बाईंनी शिकवलं.

मी टाळ्या वाजवल्या. बोलायची ती वेळ होती. पण त्याच्या आदल्या आठवड्यात मी आचाऱ्याला घ्यायला स्टँडवर गेलो होतो. औरंगाबादची गाडी लागली, तो पिशवी घेऊन उतरला. बायको पुढं झाली. पोरगी आता चालत होती, बोलत होती. ती आईच्या पदरामागं गेली आणि म्हणाली, "आई, ह्यो मामा कोण हाय?"

ते वाक्य मी घेऊन फिरलो. सेशनलाच सुटला असता, तर? पन्नास चिठ्ठ्या विचारल्या असत्या, तर? टामीची विचारली असती, तर? पोरगी रांगत असतानाच तो घरी गेला असता. मी अप्पांकडून बाहेर पडून स्वतःचं ऑफिस टाकलं, केसेस चालवल्या, केस पांढरे झाले. उलटतपासाला उभं राहिलो की एक प्रश्न झाला की मी उगाच आणखी दहा विचारायचो. आचाऱ्यानं पुढं कड्याला साखर कारखान्याजवळ खानावळ टाकली, हे कानावर होतं. आष्टी कोर्टात जायचं असलं तरी मी तिकडून जेवून यायचो नाही. उपाशी यायचो.

दोन वर्षांपूर्वी काकूंचा निरोप आला, अप्पा आठवण काढतात, येऊन जा. गेलो. पंच्याऐंशी ओलांडलेले. खिडकीकडच्या त्याच खुर्चीत. अंगावर चिमटीभर मांस, पण विभूती ठळक. आणि कान गेलेले. मशीन होतं, पण ते लावायचे नाहीत. म्हणायचे, त्यात सगळेच साक्षीदार एकदम बोलतात.

त्या दुपारी का कुणास ठाऊक, मी बोललो. हळू आवाजात सुरुवात केली.

"काय?" अप्पा.

"त्या कॅसेटी, अप्पा."

"आं?"

बावीस वर्षं दाबलेली गोष्ट मला ओरडून सांगावी लागली. "मला इंग्रजी कळत नव्हतं!" मी ओरडलो. खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला थांबला. "बाई काय बोलल्या मला माहीत नाही! एक प्रश्न, सुई-दोरा, ते मी बनवलेलं! माझं होतं ते!"

काकू स्वयंपाकघरातून आल्या. "बांधाचं भांडण सांगितलंस ना," त्या म्हणाल्या, "तवाच निकाल दिलता मी. ह्यांनी विचारलाच न्हाई."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. रागावले होते, ते दिसत होतं. कशावर रागावले ते मात्र मी ओळखलं नव्हतं.

"ते वाक्य तुझं होतं?"

"होय."

"मंग त्या बाईला कावून दिलंस बे? आयुष्यभर तिचा मान ठेवला मी. कॉलेजात पोरांना सांगितलं. तुझं म्हणून सांगितलं असतं ना!"

"तुम्ही ऐकलं नसतं."

"न्हाई ऐकलं असतं," त्यांनी लगेच कबूल केलं. मग ते पुढं झुकले. "अन् तू काय म्हणतोस, तुझ्यामुळं त्यो आत गेला?"

मी मान हलवली.

"वकीलपत्र कुणाच्या नावचं होतं?"

"तुमच्या."

"प्रश्न कुणी विचारला?"

"तुम्ही."

"सुई-दोरा तुझा असंल. ट्यूब माझी होती. पन्नास चिठ्ठ्या मी दोन रात्री चाळल्या अन् एक ठेवली. टामीचं विचारलं असतं तर काय म्हणला असता त्यो? आरोपीनं माझ्या दुकानातनं उचलून नेली, नेताना बघितली, मारताना बघितली. शिवून निघालं असतं सगळं. तरी खाली केस गेली. जाते. केस जाते बे. माझ्या हातनं गेली, माझ्या हातनं आली. तू कोण मधी चूक करणारा? मोड्यावर बसलेला माणूस!"

इतका अपमान मला कुणी कधी केला नव्हता, आणि इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मी डोळे पुसायला लागलो तर काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पण हे मला सांगून काय उपयोग?" अप्पा म्हणाले. "पोरगी कुणाची रांगत होती? त्याला सांग."

पुढच्याच आठवड्यात आम्ही कड्याला गेलो. अप्पा हट्टानं गाडीत बसले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर आता सगळं चकचकीत झालंय. पंक्चरवाल्याच्या जागी भली मोठी टायरची शोरूम. अप्पांनी मान वळवून बघितलं. लिंबागणेश, पाटोदा करत दुपारी पोचलो.

आचारी आता पोट सुटलेला, खांद्यावर नॅपकिन. अप्पांना बघून तो धावत आला, वाकला. "हरकत," अप्पा म्हणाले, पाय मागं घेत. त्यानं आम्हाला पंख्याखालच्या टेबलावर बसवलं. पोरगी कुठं असते, विचारलं. जामखेडला शाळेवर मास्तरीण हाय, म्हणाला, दर शनिवारी येते, मला मीठ कमी खा म्हणून ओरडते.

मग मी सांगितलं. ह्या वेळी ओरडावं लागलं नाही, त्यामुळं जास्त अवघड गेलं. कॅसेट, बाई, माझं खोटं, पन्नास चिठ्ठ्यांची एक कशी झाली, टामी. तो उभ्यानंच ऐकत होता. नॅपकिननं पुसलेलंच टेबल परत पुसत होता. माझं संपलं तरी पुसत राहिला. कारखान्याचे दोन कामगार जेवता जेवता आमच्याकडं बघायला लागले.

"पैलं वरीस मी त्या पंक्चरवाल्याला शिव्या दिल्या," तो शेवटी म्हणाला. "दुसरं वरीस जज्जाला. मंग त्या मेलेल्या डायव्हरला, कावून ताट फेकलं म्हणून. मंग माझ्या वरणाला." त्यानं नॅपकिन खांद्यावर टाकला. "तुमी त्या यादीत कवाच न्हवता, साहेब. तुमी मला स्टँडवर घ्यायला आलता, तेवढं ध्यानात हाय. बायकू-पोरीबिगर दुसरं कोणी आलं न्हवतं."

मी पाण्याचा ग्लास फिरवत बसलो.

"पर एक सांगा," तो खुर्ची ओढून बसला आणि पुढं वाकला. त्याच्या डोळ्यांत खरीच उत्सुकता होती. "त्या पिच्चरातला त्यो. डाक्टर. त्यो सुटला का?"

मी तोंड उघडलं. बावीस वर्षांची सवय. काहीतरी तयार होऊन जिभेवर आलंही होतं.

"त्याला काय इचारतो बे?" अप्पा म्हणाले. मशीन नसताना त्यांना हे कसं ऐकू गेलं, देव जाणे. "त्याला इंग्रजी येत न्हाई."

आचारी आधी माझ्याकडं बघत राहिला, मग त्याचं पोट हलायला लागलं. अप्पांचे खांदे हलायला लागले. कामगारही काही न कळता हसले.

"न्हाई येत," मी म्हणालो. खानावळीतल्या चारी टेबलांना ऐकू जाईल असं म्हणालो. मग तिघांची ताटं आली, आणि मी तिथं पोटभर जेवलो.